60 सेंटिमीटरच्या समुद्रात कोणाला जागा द्यावी

ठाण्याच्या आमच्या घरात, खिडकीच्या उन्हापासून दूर असलेल्या भिंतीला लागून माझी खाऱ्या पाण्याची टाकी उभी आहे. तिची लांबी 60 सेंटिमीटर आणि रुंदी व उंची प्रत्येकी 40 सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाने 96 लिटर. परंतु वाळू, दगड आणि काठाशी सोडलेली मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात जेमतेम 75 लिटर पाणी उरते. गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षे पाळलेले असल्यामुळे एवढ्या पाण्यात दहा-बारा लहान मासे सुखाने राहतील, असे मला सुरुवातीला वाटले होते. आज तिच्यात तीन मासे आणि एक कोळंबी आहे, आणि चौथा मासा आणावा की नाही याचा विचार मी आठ महिने करते आहे.

खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया थोड्या पाण्यात फार लवकर घातक पातळीला पोचतो, हे कारण बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून मोठे कारण माशांच्या स्वभावात आहे. प्रवाळ खडकांवरचे बहुतेक लहान मासे आपापल्या बिळाची किंवा कपारीची राखण करून जगतात. समुद्रात मार खाल्लेला मासा शेजारच्या खडकाकडे निघून जातो. टाकीत शेजारचा खडक नसतो. त्यामुळे मासा किती सेंटिमीटरचा आहे यापेक्षा तो पाण्याच्या कोणत्या थरात वावरतो, किती जागा आपली मानतो आणि दिवसभरात काय खातो, हे तीन प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

दुकानात मात्र या प्रश्नांची उत्तरे दिसत नाहीत, कारण तिथे जवळजवळ सगळेच मासे पिल्ले असतात. डॉमिनो डॅमसेल हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. काळ्याभोर अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला दोन सेंटिमीटरचा हा जीव स्वस्त असतो, काटक असतो आणि नव्या टाकीसाठी हमखास सुचवला जातो. पूर्ण वाढीनंतर तो 14 सेंटिमीटरच्या आसपास पोचतो आणि तोवर सगळी टाकी स्वतःच्या मालकीची समजू लागतो. निळा टँग तर 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला सतत पोहण्यासाठी लांबच लांब जागा लागते; त्याचे पिल्लू कितीही मोहक दिसले तरी लहान टाकीत त्याला ठेवणे मला अन्यायकारक वाटते.

माझी स्वतःची चूक मोठ्या माशाची नव्हती. दुसऱ्या वर्षी मी एक मँडरिन आणला. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी काढल्यासारखा, सात-आठ सेंटिमीटरचा, कोणाच्या वाटेला न जाणारा हा मासा लहान टाकीसाठीच जन्माला आला असावा, असे मला वाटले. विक्रेत्याने तो सगळे खातो असे सांगितले आणि मी पडताळून न पाहता त्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात मँडरिन दिवसभर खडकांवरून फिरत कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो, आणि 75 लिटरच्या टाकीतला त्यांचा साठा तो काही आठवड्यांतच संपवतो. समोर टाकलेल्या गोठवलेल्या खाद्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. त्याचे पोट खपाटीला गेले, डोक्यामागची पाठ खोल गेली आणि अडीच महिन्यांनी तो गेला. तो आजारी नव्हता. माझ्या घरात तो उपाशी मेला, आणि हे मला अजूनही सहन होत नाही. अंगावरचे परजीवी खाऊन इतर माशांना स्वच्छ करणारा क्लीनर रॅससुद्धा याच कारणाने लहान टाकीत नसावा. दोन-चार माशांच्या अंगावर त्याचे पोट भरत नाही.

मग योग्य कोण? माझे पहिले उत्तर ऑसेलारिस क्लाऊनफिश हेच आहे, आणि केवळ तो सर्वांना आवडतो म्हणून नव्हे. हा मासा निसर्गातही एका समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या, डंख मारणाऱ्या प्राण्याच्या) आसपास, अगदी थोड्या जागेत आयुष्य काढतो, त्यामुळे लहान टाकीत त्याच्या स्वभावाला फारशी मुरड घालावी लागत नाही. तो कोरडे खाद्यही आवडीने खातो आणि नीट सांभाळल्यास वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. या माशांची सर्व पिल्ले आधी नर म्हणून वाढतात आणि गटातला सर्वांत मोठा मासा पुढे मादी होतो. म्हणून एक थोडा मोठा आणि एक स्पष्टपणे लहान अशी दोन पिल्ले एकत्र आणली की त्यांची जोडी बहुधा आपोआप जमते. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र सोडल्या तर त्या एकमेकींना जगू देत नाहीत. समुद्रफूल मात्र लगेच आणू नये. त्याला प्रखर प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, ते जागा बदलत पंपात अडकते, आणि ते मेले तर सगळे पाणी नासते. शत्रूच नसलेल्या टाकीत क्लाऊनफिशचे त्याच्यावाचून काही अडत नाही. नावात क्लाऊन आहे म्हणून कोणताही आणू नये, हेही सांगायला हवे: आपल्याकडे मिळणारा सेबे क्लाऊन बराच मोठा होतो आणि ‘मरून’ नावाच्या क्लाऊनची मादी लहान टाकीत इतर कोणालाही टिकू देत नाही.

शक्य असेल तेव्हा हॅचरीत वाढवलेली पिल्लेच घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे, त्यामुळे पकडून आणलेला मासा घेण्याचे कारणच उरत नाही. आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड फवारून मासे बधिर करून पकडले जातात; असे मासे दिसायला धडधाकट असतात आणि पुढे अचानक मरतात. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना तर 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तेव्हा कोणी आडून ते देऊ केले तरी घेऊ नयेत.

तळाच्या थरासाठी मी गोबी निवडला, आणि हा माझ्या टाकीतला सर्वांत समाधानाचा निर्णय ठरला. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या आपल्या निवट्यांचेच हे नातलग. यातले काही गोबी पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबीची नजर अधू असते, म्हणून ती वाळू उपसताना आपली एक मिशी सतत माशाच्या अंगाला लावून ठेवते, आणि धोका दिसताच मासा शेपटी थरथरवून तिला आत जाण्याची खूण करतो. मी दोघांना एकाच संध्याकाळी सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोघे एकाच दगडाखाली सापडली. त्या दिवशी मी कामाला उशिरा पोचले. बारीक वाळूचा पाच-सहा सेंटिमीटरचा थर आणि थेट तळाच्या काचेवर टेकलेले, वाळू उपसल्याने न ढळणारे दगड एवढीच त्यांची मागणी आहे.

ज्या चौथ्या माशाचा विचार चालू आहे, तो फायरफिश. पांढऱ्या अंगाचा, लाल शेपटीचा हा मासा पाण्याच्या मधल्या थरात एका जागी तरंगत राहतो, म्हणजे कोणाच्या वाट्याला हात न लावता रिकामी जागा वापरतो. दोन फायरफिश अनेकदा भांडतात, म्हणून एकच आणायचा. आणि घाबरला की तो टाकीबाहेर उडी घेतो, म्हणून बारीक जाळीचे झाकण हवे. झाकण तयार आहे. अडचण क्रमाची आहे: सर्वांत भित्रा मासा सर्वांत आधी सोडायचा असतो, आणि माझे क्लाऊनफिश तर दोन वर्षांपासून घरमालक आहेत. त्यांना चार दिवस वेगळे ठेवून, दगडांची मांडणी थोडी बदलून मग नव्याला आधी सोडायचे, असे मी ठरवते आहे. त्याआधी तो किमान चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत राहील, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा आजार एकदा मुख्य टाकीत शिरला तर तिथे तांब्याचे औषध घालता येत नाही; ते माझ्या कोळंबीला मारेल.

गेल्या रविवारी कुर्ल्याला जाऊन मी एक फायरफिश पाहून आले. विक्रेत्याला म्हटले, "दादा, माझ्यासमोर याला थोडे खायला घाला." त्यांनी आनंदाने घातले. दोन तुकडे जवळून वाहत गेले तरी त्याने तोंड उघडले नाही, म्हणून मी त्याला तिथेच ठेवून परतले. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.