काळ्याचं निळं

मशीनवर चाळीसेक शीट निघाल्या आणि मशीनमनने हाक मारली, "दादा, रात्र उजाडायला लागली बघा."

कथासंग्रहाचं कव्हर होतं. ३०० जीएसएम आर्ट कार्ड, १९ बाय २५ची शीट, एकीवर चार कव्हरं. ११०० प्रतींसाठी वेस्टेज धरून साडेतीनशे शीट काढायच्या होत्या. चित्रकाराने रंगवली होती काळीकुट्ट रात्र, शीटवर उतरलं होतं गडद निळं आकाश. आमच्या प्लेटरूममधला पोरगा दिवसभर कानात हेवी मेटलची गाणी घालून बसतो. तो शीट बघून चक्क हसला. "सर, हे तर नंबर ऑफ द बीस्ट झालं!"

झापणारच होतो त्याला. पण दुसऱ्या दिवशी तो घरून थोरल्या भावाची जुनी एलपी रेकॉर्ड आणि नंतरची सीडी घेऊन आला आणि दोन्ही लाइट टेबलवर शेजारी ठेवली. एलपीवर आकाश निळं, सीडीवर काळं. चित्र तेच.

'द नंबर ऑफ द बीस्ट' हा आयर्न मेडन या इंग्रज हेवी मेटल बँडचा अल्बम २२ मार्च १९८२ला आला. नाव बायबलमधल्या प्रकटीकरणातल्या ६६६ या आकड्यावरून. त्या नावाचं गाणं लिहिलं बासवादक स्टीव्ह हॅरिसने, 'ओमेन' या भयपटाचा दुसरा भाग बघून झोपल्यावर पडलेल्या वाईट स्वप्नावरून. कव्हर मात्र या नावासाठी काढलेलंच नव्हतं. डेरेक रिग्जने ते १९८१च्या 'पर्गेटरी' या सिंगलसाठी रंगवलं होतं. मॅनेजर रॉड स्मॉलवुडला वाटलं, एवढं चांगलं चित्र सिंगलवर कशाला घालवायचं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि सिंगलसाठी रिग्जकडून दुसरं काढून घेतलं. असा राखून ठेवणारा गिऱ्हाईक आम्हाला वर्षातून एक मिळाला तरी पुष्कळ. आमच्याकडे चित्र सकाळी येतं आणि कव्हर संध्याकाळी हवं असतं.

चित्रात एडी, म्हणजे बँडचा तो सांगाड्यासारखा भिडू, आभाळभर उभा आहे. त्याच्या हातातल्या दोऱ्यांना सैतान कळसूत्री बाहुलीसारखा लटकलाय, आणि सैतानाच्या हातातल्या दोऱ्यांना पुन्हा एक चिमुकला एडी. कोण कोणाला नाचवतंय ते बघणाऱ्याने ठरवावं. कल्पनेमागे मध्ययुगीन युरोपातली नरकाची चित्रं आहेत, आणि रिग्जने लहानपणी वाचलेलं डॉक्टर स्ट्रेंजचं एक कॉमिकही आहे. खाली ज्वाळा, वर रात्र. ती रात्र काळीच हवी होती. पहिल्या छपाईत ती निळी झाली, दुकानांत निळीच गेली आणि १९९८च्या रीमास्टर आवृत्तीत पुन्हा काळी झाली. सोळा वर्षं.

दहापट भिंगाखाली एलपीचं आकाश पाहिलं तर सायनचे, म्हणजे निळसर शाईचे, ठिपके दाटीवाटीने बसलेले, गुलाबी मॅजेंटा त्यांच्या मागोमाग, काळा मात्र विरळ. त्या काळी सेपरेशनमध्ये, म्हणजे चित्र चार शायांच्या चार प्लेटांत वाटताना, काळ्या प्लेटला फारसं काम देत नसत. ती फक्त सावल्यांना धार आणायची, बाकी अंधार सायन, मॅजेंटा, यलो मिळूनच उभा करायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण तीन रंगांचा काळा फार नाजूक असतो. राखाडी साधायला सायन मुळातच जास्त लागतो, साधारण ५० टक्के सायनला ४० मॅजेंटा, ४० यलो. तिथून सायन पाचेक टक्के जरी चढला, फिल्ममध्ये, प्लेटवर किंवा मशीनच्या शाईत, की तोल जातो. त्यात निळं मारतो तो पिवळा, आणि अंधारात पिवळा कमी पडलाय हे डोळ्याला कळतच नाही. बारा इंची कव्हरवर ते लपवायला जागा नसते. टी-शर्टवाल्यांना हा ताप नाही. पोराचा भाऊ १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत बीकेसीच्या मैदानावर गेला होता, मेडनचा त्या वर्षीचा जगदौरा तिथूनच सुरू झाला. तिथून आणलेल्या टी-शर्टवर आकाश छापलेलंच नाही. काळं कापड हेच आकाश.

आमची भानगड वेगळ्या रस्त्याने आली. फाइल उघडून रात्रीतल्या चार शायांचे टक्के पाहिले: सायन ८२, मॅजेंटा ७०, यलो ५२, काळा ४८. साधा आरजीबीमधला, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला, शुद्ध काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगवर सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या या चार शायांत, नेला तर ७५, ६८, ६७, ९० येतो. म्हणजे काळ्याचा जवळजवळ अर्धा जीव कुणीतरी काढून घेतला होता. विचारल्यावर कळलं, मोबाइलवर चित्र फार अंधारं दिसतंय म्हणून डिझायनरने ते 'जरा उजळ' केलं होतं. उजळ केलं की सगळ्यात आधी काळी प्लेट खाली येते, कारण काळा मुळात गडद सावल्यांतच असतो. प्रकाशकाने ओके दिलं तेही व्हॉट्सॲपवर. कागदी प्रूफ मागितलं की लोकांना वाटतं आपण बिल वाढवतोय. चूक आमचीही होतीच. ट्रायल शीट लालसर वाटली म्हणून मशीनमनने सायनची शाई वाढवायच्या चाव्या उघडल्या, आणि शाई किती दाट पडली ते मोजायचा डेन्सिटोमीटर कपाटात होता.

प्रकाशक प्रेसवर आले, शीट उचलून म्हणाले, "निळंच छान दिसतंय की! राहू दे." चित्रकाराला फोन लावला. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "माझी रात्र काळी आहे." आकाश ६०, ५०, ५०, ९५ वर आणलं, चारही प्लेट नव्या काढल्या, नवी शीट दिव्याखाली सुकवून बघितली आणि काम पुढे सोडलं. चार प्लेटचे पैसे आमच्या अंगावर.

पण ती दोन कव्हरं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी आयुष्यभर मूळ चित्राशी इमान राखायच्या बाजूने भांडलोय. तरी खरं सांगायचं तर लाइट टेबलवर एलपीच चांगली दिसत होती. निळ्यावर ज्वाळा पेटतात आणि एडी आभाळापासून सुटा होऊन पुढे येतो. काळ्यात तो थोडा बुडतो. पोरगं म्हणतं, माझ्यासाठी खरं कव्हर निळंच, कारण घरात तेच होतं.

वाया गेलेली एक निळी शीट त्याने प्लेटरूमच्या भिंतीवर चिकटवली. गठ्ठे न्यायला चित्रकार आला तेव्हा त्याच्या नजरेस ती पडलीच. बराच वेळ उभा राहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "या निळ्यातल्या किती उरल्यात?"