हरिकेनचा ब्लॉक, नोंद ३: म्हणे स्टँडर्ड!

"स्टँडर्ड आहे साहेब, कधी उघडलंच नाही." भंगारवाल्याचं हे वाक्य ऐकलं तेव्हा समोर हरिकेनचा, म्हणजे जुन्या विलीज जीपच्या पेट्रोल इंजिनाचा, नुसता ब्लॉक होता. स्टँडर्ड म्हणजे बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, मूळ मापाचाच, कधी न वाढवलेला. ना पिस्टन, ना क्रँक. उघडलाच नाही तर आतला माल काय चालत बाहेर गेला? पण वाद घातला नाही, वजनावर पैसे दिले आणि ब्लॉक टेम्पोत टाकून उद्यमनगरात मामांच्या शेडवर आणला. जीपमधली पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवायची लाट येऊन गेली, तेव्हा असे किती ब्लॉक वितळले असतील कोण जाणे. मिळाला तो घ्यावा.

हरिकेन म्हणजे एफ-हेड. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. सीजे-३बी या जीपचं बॉनेट उंच आहे ते या हेडमुळेच. बोअर ३.१२५ इंच, स्ट्रोक ४.३७५ इंच, एकूण २१९९ सीसी. आधीच्या फ्लॅटहेड गो-डेव्हिलचंही बोअर-स्ट्रोक हेच. पिस्टनचे ओव्हरसाइज दहा, वीस, तीस असे थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, चढतात, म्हणून सगळी मोजमापं इंचातच घेतली. मामांचा बोअर गेज मिलिमीटरचा होता, तो परत कपाटात गेला.

शनिवारी दुपारी हुरूप फार होता. ब्लॉक अंगणात उन्हात धुतला, पुसला आणि तसाच मोजायला घेतला. प्रत्येक वेळी आकडा वेगळा. मामांनी लांबूनच विचारलं, "हात लावून बघितलास का त्याला?" ब्लॉक चांगलाच तापला होता आणि मायक्रोमीटर शेडमध्ये गार. एवढ्या बोअरला दहा अंशांच्या फरकाने साधारण नऊ मायक्रॉन, म्हणजे थाऊचा तिसरा हिस्सा जातो. अंगण आणि शेड यांत वीसेक अंशांचा फरक सहज असेल. शनिवारचं पान फाडलं, ब्लॉक आत ढकलला आणि रात्रभर हत्यारांच्या शेजारी ठेवला.

रविवारी सकाळी बोअर गेज मायक्रोमीटरवर ३.१२५ ला शून्य केला आणि एक नंबर सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या रिंगा वर जिथे थांबतात तिथे, क्रँकला आडवा धरला. ३.१४२८. म्हणजे स्टँडर्डपेक्षा जवळजवळ अठरा थाऊ जास्त. आता याचा अर्थ काय लावायचा? स्टँडर्ड बोअर अठरा थाऊ झिजला असेल. किंवा दहावर बोर मारून, म्हणजे दहा थाऊ मोठा कापून, पुढे आठ झिजला असेल. दोन्ही शक्य आहे. झिजलेल्या जागी कितीही वेळा मोजा, आधी किती कापलं ते कळत नाही. मी तासभर सगळ्या सिलिंडरांची झिजच मोजत बसलो होतो. वही भरली, उत्तर कोरं.

मामा चहा घेऊन आले, वही बघितली आणि म्हणाले, "आरं, रिंग जिथं पोचतच न्हाई तिथं मोज की."

बोअरच्या अगदी वरच्या टोकाला, पहिल्या रिंगेच्या वर, न झिजलेली एक अरुंद पट्टी उरते. नखाला लागते तीच कड. शेवटच्या बोरिंगला जे माप दिलं असेल ते तिथे राहतं. पट्टी इतकी अरुंद की बोअर गेज नीट बसत नाही, म्हणून टेलिस्कोपिक गेज घेतला. पहिलं माप ३.१३१ आलं. हे कुठल्याच साइजचं नाही! पाच मिनिटं डोकं खाजवलं. मग ब्लेडने खरवडलं तर काळा थर निघाला. धातू न मोजता कार्बन मोजत होतो. लाकडी पट्टी, रॉकेल आणि पुष्कळ चिंध्या लागल्या. साफ केल्यावर चारही सिलिंडरांत ३.१३५० ते ३.१३५३. रिंगा पोचत नाहीत अशा खालच्या टोकाला ३.१३५५, तिथे पिस्टनच्या खालच्या भागाने, स्कर्टने, थोडं घासलंय. दोन्ही टोकांची साक्ष एकच: दहावर बोर मारलेला आहे.

इथे एक फाटा आहे. विलीज कारखान्यातूनच काही इंजिनं दहा थाऊ ओव्हरसाइज बाहेर पडायची आणि इंजिन नंबरपुढे तसं अक्षर ठोकलेलं असायचं. 'बी' म्हणजे बोअर दहा मोठा, 'ए' म्हणजे मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा दहा अंडरसाइज, 'एबी' म्हणजे दोन्ही. म्हणून दहा निघालं की लगेच वर्कशॉपच्या नावाने खडे फोडू नयेत. रंगाचे तीन थर काढून नंबर वाचला. पुढे अक्षर नाही. तेवढ्यावर मी निकाल दिला नसता, पण पुढची गोष्ट सापडली.

ब्लॉकचं वरचं तोंड, जिथे हेड बसतं ते, ऑइलस्टोनने हलकं घासताना तीन नंबरच्या बोअरभोवती केसाएवढी गोल रेघ उमटली, काठापासून अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर. स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये आतून ठोकलेली नळी! खालून आरसा आणि बॅटरी धरली तर तिच्या तळाची पायरीही दिसली. गंमत म्हणजे या सिलिंडरचं वरचं माप बाकी तिघांइतकंच आहे, म्हणजे आधी स्लीव्ह ठोकली आणि मग चारही एकाच बैठकीत दहावर नेले. काम करणाऱ्याचा हात चांगला होता, रेघ सहजी दिसत नव्हती. पण स्लीव्ह का लागली? पिस्टन जाम होऊन खरवडलं असेल तर ठीक. तडा असेल तर तो पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेलेला असू शकतो.

तोंडाचं प्रकरण थोडक्यात. ब्लॉक खालच्या, ऑइल सम्प लागतो त्या बाजूवर सर्फेस प्लेटवर उभा करून हाइट गेजने चार कोपरे घेतले. पुढची बाजू मागच्यापेक्षा ०.११ ते ०.१३ मिमी बुटकी. सम्पच्या तोंडावर माझा फार विश्वास नाही, म्हणून मेन बेअरिंगच्या बैठकींतून बार घालून पुन्हा मोजलं. फरक ०.१० मिमी. तोंडावर गोल फिरलेल्या कटरच्या खुणा आहेत आणि पुढच्या स्टडच्या भोकांची चॅम्फर जवळजवळ संपलीय. फेस मारलाय, म्हणजे तोंड सपाट करायला कापलंय, आणि तोही तिरका. बोरिंगवाला आणि फेसवाला एकच माणूस असेल असं वाटत नाही. एक्झॉस्टच्या सीटा याच तोंडात असल्यामुळे त्यांची खोलीही तपासायची आहे.

आता पुढची साइज कोणती? मला वाटलं वीस, म्हणजे ३.१४५. सगळ्यात मोठं माप ३.१४२८, म्हणजे दोन थाऊ शिल्लक. मामांनी कागदावर वर्तुळ काढलं. झीज दोन्हीकडे सारखी नसते. साडेसात-आठ थाऊ सगळे एकाच भिंतीला गेले असतील तर मूळ मध्यावर ठेवून वीसला बोर मारताना त्या बाजूला कटर टेकणारच नाही, कारण वीसला प्रत्येक भिंतीतून फक्त पाच थाऊ निघतात. मध्य सरकवून बसवता येईल, पण मग सिलिंडर क्रँकवरून ढळतो. म्हणजे तीस. स्लीव्हच्या भिंतीतून दहा थाऊ, पाव मिलिमीटर जाईल. तेवढं तिला झेपेल.

पण पिस्टनची ऑर्डर अजून दिलेली नाही. पाण्याच्या वाटांना लोखंडी पट्ट्या आणि रबर कापून ठेवलंय, बुधवारी टाकीत बुडवून हवा भरायची आहे. तीन नंबरच्या बाजूने बुडबुडे आले तर या वहीची पुढची पानं दुसऱ्या ब्लॉकची असतील.