तुम्ही विचारलंत म्हणून: हे झुंबर कुठल्या राजाचं?

मला जुन्या काचेचं वेड आहे हे कळल्यापासून लोक फोटो पाठवतात आणि खाली प्रश्न ठरलेला, "इंग्लिश कटग्लास (पैलू पाडलेली काच) आहे म्हणे, कुठल्या राजाकडचं असेल हो?"

अहो, राजाच कशाला हवा? इंग्लंडात ज्यांची कुळकथा नीट सांगता येते अशी झुंबरं बाथ शहरातल्या असेम्ब्ली रूम्समध्ये आहेत, आणि ती चक्क वर्गणीतली. पैसेवाल्या मंडळींनी पैसे घालून नाच, पत्ते आणि चहासाठी ही इमारत बांधली, १७७१ ला उघडली, बॉलरूमची पाच झुंबरं लंडनच्या जोनाथन कॉलेटकडून घेतली. महिनाभरात एका झुंबराची दांडी निखळून खाली आली, आणि खाली कोण, तर चित्रकार गेन्सबरो! थोडक्यात वाचला बिचारा. मग पाचही उतरवली आणि चहाच्या खोलीतली तीन ज्याने केली होती त्या फ्लीट स्ट्रीटच्या विल्यम पार्करकडून नवी पाच करून घेतली. कॉलेटच्या मालातलं जे धड उरलं त्याचं जोडून एकच झुंबर झालं, ते अष्टकोनी खोलीत लागलं.

मालकीचा घोळ इथूनच सुरू होतो बघा. दांड्या, वाट्या, तारेत ओवलेले लोलक, सगळं सुटं होतं. मेणबत्त्या गेल्या, गॅस आला, मग वीज, दरवेळी कोणीतरी खोलून जोडलं, लोलक फुटला की दुसऱ्याचा लावला, त्यामुळे फोटोतलं झुंबर एकाचं आहे की चार घरांचं हेच आधी बघावं लागतं. कारागीर नावही क्वचितच घालायचे. बाथला पार्करचं नाव काचेत कोरलेलं आहे, पण तसं नशीब किती जणांचं!

पुढे त्याच बॉलरूममध्ये सिनेमा दाखवायला लागले (हो, सिनेमा!). १९३१ ला अर्नेस्ट कुक या धनिकाने इमारत विकत घेऊन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेला, देऊन टाकली. १९३८ ला दुरुस्त होऊन उघडली, आणि एप्रिल १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात आतून जळून गेली. झुंबरं मात्र आधीच उतरवून दुसरीकडे ठेवलेली, म्हणून वाचली.

तेव्हा फोटो पाठवाल तर लांबून नको, चार-पाच लोलकांचे जवळून पाठवा, शक्यतो वेगवेगळ्या बाजूंचे. आणि जुनी पावती असेल तर ती आधी.