कट्ट

रविवार, रात्री साडेदहा

अप्पा झोपले. पायाला हळद लावून घेतली, "काय नाही रे, खरचटलंय नुसतं" म्हणाले आणि विषय संपवला. माझा संपत नाहीये.

माझ्या रिमोटवरच्या क्रॉलरचा, म्हणजे दगड चढणाऱ्या गाडीचा, आवाज मी ऐकला होता. मंगळवारी एकदा, पुढे नेऊन रिव्हर्स टाकला तेव्हा. शुक्रवारी दोनदा. कट्ट. स्टीलच्या डब्यावर नखाने टिचकी मारावी एवढाच. गाडी मोठी, गिअरचे दाते मोठे, एवढा आवाज असायचाच, असं मनाशी म्हटलं आणि गाडी तशीच उचलून ठेवली.

आज घाटातल्या त्या मोठ्या काळ्या पाषाणावर ती तीसेक अंशांच्या चढाला उभी होती. थ्रॉटल सोडलेलं, ड्रॅग ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक, शंभर टक्क्यांवर. अशी सोडली की ती खिळा ठोकल्यासारखी उभी राहते. राहायलाच हवी, क्रॉलरचा अर्धा जीव त्यातच आहे. आणि ती मागे सुटली. मोटार थांबलेलीच, नुसता दात्यांचा घरघराट, आणि गाडी खाली. अप्पा खाली उभे होते. त्यांनी पाय आडवा घातला.

अकरा किलोची गाडी आहे, १/६ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या सहाव्या हिश्श्याएवढी लांब. १/१० ची क्रॉलर अडीच-तीन किलोची असते, तिला पाय लावला तर हसून सोडून देता येतं. तीस अंशांच्या उतारावर अकरा किलोचा नुसता खाली ओढणारा जोरच साडेपाच किलोच्या आसपास होतो, आणि तोही जागेवर उभी असताना. हातभर घसरून वेग घेतल्यावरची गोष्ट वेगळी. हे गणित मला येत होतं. मनूला मीच शिकवलं होतं.

घरी आल्या आल्या उघडली. बॉडी काढली, बॅटरीचा ट्रे काढला, मग गिअर कव्हर. स्पर गिअर, म्हणजे चाकांकडे जोर नेणारं मोठं दातेरी चक्र, बोटाने धरून मागेपुढे हलवला. पिनियन, मोटारीच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चक्र, त्याच्याबरोबर हलत होतं आणि शाफ्ट स्थिर. संपलं, आणखी काही शोधायची गरजच नव्हती. ड्रॅग ब्रेक म्हणजे ईएससी, मोटारीचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, मोटारीला धरून ठेवते, चाकांना नाही. मोटार आणि चाकं यांच्यातला दुवा पिनियनला शाफ्टवर आवळणारा तो एक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू. तो सैल असेल तर ब्रेक शंभर ठेवा नाहीतर शून्य, सारखंच.

स्क्रू काढून शाफ्ट दिव्याखाली धरला. पाच मिलिमीटरचा शाफ्ट, त्याला एका बाजूने सपाट घासलेली जागा असते, स्क्रूचं टोक बरोबर तिच्यावर बसायला हवं. माझा स्क्रू सपाटीच्या कडेवर बसला होता. कडेलगत चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा, आणि पलीकडे गोल भागावर त्याच्याच फिरण्याची बारीक रेघ. निळं थ्रेडलॉकर, स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, आट्यांमध्ये अजून ओलसर, बोटाला चिकटणारं. आठ दिवस झाले लावून.

म्हणजे कट्ट काय होतं ते कळलं. स्क्रू सपाटीवर नीट आवळलेला नसला की पिनियनला दोन-तीन अंशांची हालचाल मिळते. पुढचा जोर असताना ते एका बाजूला टेकतं, रिव्हर्स टाकला की दुसऱ्या बाजूला आपटतं. दिशा बदलताना एकच आवाज, नंतर शांत. बाकी आवाज असे नसतात. मेश, म्हणजे दोन गिअरच्या दात्यांची एकमेकांतली बसणी, सैल असेल तर सतत करकर होते. ॲक्सलचे दाते गेले असतील तर चाक दगडात अडकून जोर पडल्यावर टकटक येते, तीही एकाच बाजूने. चाकाचा नट ढिला असेल तर चाक धरून हलवलं की हाताला कळतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी आवाजाला नाव दिलं नाही, सवय म्हणून सोडून दिलं. राग त्याचा येतोय.

गेल्या रविवारी पिनियन बदललं होतं, तेरा दात्यांचं काढून अकराचं बसवलं. चाकं तेवढ्याच मोटारीच्या फेऱ्यांत सुमारे पंधरा टक्के हळू फिरतात, दगडावर पावलं टाकल्यासारखी चढते. मेशही नीट घेतला होता, वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घालून, मोटार दाबून, स्क्रू आवळून, पट्टी फिरवून बाहेर. एवढं सगळं नीट. शाफ्ट मात्र पुसला नाही. नव्या पिनियनला तेलाचा पातळ थर असतो, भोकात आणि आट्यांतही. थ्रेडलॉकर हवा बंद झाल्यावर उघड्या धातूला लागून घट्ट होतं, तेल मध्ये आलं की ते धरतच नाही. वर संध्याकाळी लावलं आणि दोन तासांत गाडी अंगणात. पूर्ण पकड यायला चोवीस तास द्यायचे असतात. मनू मागे लागली होती. नाही, मनूचं नाव कशाला घ्यायचं.

साताऱ्यात १/६ चालवणारं माझ्या ओळखीत कोणी नाही. एखादा जाणता शेजारी असता तर शुक्रवारीच म्हणाला असता, अरे उघड ती. सगळं आपणच वाचायचं, आपणच चुकायचं. आणि भाग? या मापाचं पिनियन इथे कुठल्या दुकानात मिळायचं? मागवायचं आणि वाट बघायची. एमआयडीसीतले लेथवाले पितळेच्या रिंगा छान काढून देतात, पुढच्या चाकांत वजन घालायला मी त्यांच्याकडूनच करून घेतल्या, पण कठीण पोलादाचे दाते पाडणं हे वेगळं काम. किमतीचं इथे लिहीत नाही.

हे लिहून झालं आणि वाचल्यावर वाटलं, शेजारी असता तरी आवाज मीच ऐकला असता आणि मीच त्याला सांगितला नसता.

गाडी जसजशी मोठी होते तसं वजन घनाच्या हिशोबाने वाढतं आणि स्क्रूची, शाफ्टची, दात्यांची ताकद वर्गाच्या हिशोबाने. १/१० वरून १/६ म्हणजे लांबी पावणेदोन पटीच्या आतच, पण वजन साडेचार पटीच्या आसपास आणि ताकद पावणेतीन पट. लहान गाडीत जो ढिलेपणा वर्षभर चालून जातो तो इथे आठ दिवसांत बाहेर येतो. पुढची चाकं वळवणाऱ्या सर्व्होचंही तेच. लहानीला पंचवीस किलो जोराचा पुरतो, हिला त्यात दगडात अडकलेलं चाक वळतच नाही. टायर तेवढे जांभ्यावर सुखात असतात, खडबडीत दगड रबर धरून ठेवतो, पण खातोही तितकाच. काळा पाषाण कोरडा असला तर छान, सकाळच्या दवात साबण. कासच्या पठारावर मात्र मी ती कधीच उतरवत नाही. जांभ्यावर बोटभर माती आणि तिच्यात सगळी फुलं, तिथे अकरा किलोची चाकं नकोतच.

लहान गाडी घेतली असती तर हे झालं नसतं, असं दुपारी तीनदा वाटलं. आता वाटत नाही. मोठी गाडी हवी होती ती ती दगडावर खरी दिसते म्हणून, चारही चाकं वेगवेगळ्या उंचीवर आणि बॉडी संथ डोलतेय म्हणून. ते जडपणाशिवाय येत नाही. जडपणा घेतला तर त्याच्याबरोबर दर खेपेला कव्हर उघडणंही घ्यायचं. तक्रार करण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

आज केलं ते असं. स्क्रू आणि पिनियन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, ब्रशने आट्या घासून, वाळवून घेतले. शाफ्ट कापडाने पुसला, कापड पांढरं राहीपर्यंत. ओरखड्याची वर आलेली कड बारीक कानशीने नुसती काढली, सपाटीला हात लावला नाही. स्क्रू नवा घेतला, जुन्याचं षट्कोनी भोक गोल व्हायला लागलं होतं, त्याला परत जोर दिला असता तर आतच अडकला असता. थ्रेडलॉकरचा एकच थेंब, तोही स्क्रूच्या आट्यांना. प्लास्टिकला लागू द्यायचं नाही, तडे जातात. सपाटी पिनियनच्या भोकातून डोळ्याने बघितली, मग दोन मिलिमीटरच्या चांगल्या टी-हँडल की ने आवळला. लहान वाकड्या की ने इथे नीट जोर येत नाही. कागदाची पट्टी घालून मेश पुन्हा घेतला.

शेवटी पांढऱ्या पेंट पेनने शाफ्टच्या टोकावरून पिनियनवर एक बारीक रेघ ओढली. रेघ तुटली तर पिनियन सरकलं, आवाजाची वाट बघायला नको. गिअर कव्हरला त्या जागी भोक पाडून रबराचं बूच बसवता येईल, म्हणजे दर वेळी ट्रे काढायला लागणार नाही. बूच सायकलवाल्याकडे मिळावं.

बॅटरी ३.८ व्होल्ट प्रति सेलवर आणून ठेवली. उद्या कुणीही मागे लागलं तरी गाडी निघणार नाही, रात्री साडेनऊपर्यंत हात लावायचा नाही.

पुढच्या वेळी खाली उभं राहायला मी कोणालाच सांगणार नाही. अप्पांना हे सकाळी सांगायचंय. ते म्हणतील, मग बघायचं कुठून? बाजूने, अप्पा. वरच्या बाजूने.

अजून एकदा टॉर्च मारून बघितली. रेघ सरळ आहे.