वही नंबर दोन: काउंटीच्या नावाआड दडलेले क्लब

मंडळी, मागच्या खेपेला मी जरा तोऱ्यातच लिहिलं होतं की हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) यांच्या ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) देशपातळीवरच्या अजिंक्यपदांचा तक्ता १८८७ पासून १९३० पर्यंत पुरा झाला. तो शब्द मागे घेते. पहिल्या पंधरा वर्षांवर काट मारलीय आणि नवी वही काढलीय. चूक कुणा दुसऱ्याची नाही, माझ्या हुशारीची आहे.

झालं असं. हाताने लिहिलेला तक्ता मी संगणकावर चढवला आणि विजेता आपोआप निघावा म्हणून एक सूत्र घातलं. नव्या मंडळींसाठी सांगते, या दोन्ही खेळांत गुण दोन तऱ्हेचे. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, दांड्यावरून दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट. एका गोलाचे तीन पॉइंट. म्हणून धावफलकावर ३-४ दिसलं की तीन गोल आणि चार पॉइंट, एकूण तेरा. सूत्र सोपं: गोल गुणिले तीन अधिक पॉइंट. घातलं, ओढत खाली नेलं, चहा घेतला.

परत आले तर १८९४ च्या फुटबॉल अंतिम सामन्यापुढे डब्लिन विजयी. डब्लिन ०-६, कॉर्क १-१. सहा विरुद्ध चार, बरोबरच आहे म्हणाल. पण माझ्याच जुन्या वहीत शेजारी शाईने लिहिलं होतं: बरोबरी. दहा मिनिटं मी वहीला खोटं ठरवत बसले. मग ट्यूब पेटली. १८९२ ते १८९५ या काळात एका गोलाचे पाच पॉइंट धरत! तीनचा नियम १८९६ चा. म्हणजे कॉर्कचे पाच अधिक एक सहा, डब्लिनचे सहा. चोख बरोबरी.

पुढची गंमत तर त्याहून मोठी. पुन्हा सामना झाला टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी. कॉर्क १-२, डब्लिन ०-५ असताना गर्दी मैदानात घुसली आणि खेळ तिथेच थांबला. तेव्हाच्या हिशेबाने कॉर्क सात-पाच असं पुढे. आजच्या हिशेबाने पाच-पाच! म्हणजे माझं सूत्र बरोबरीच्या सामन्याला निकाली म्हणतं आणि पुढे असलेल्या संघाला बरोबरीत आणतं. शेवटी काय झालं, तर या खेळांच्या मध्यवर्ती परिषदेने तिसऱ्यांदा खेळा म्हटलं, कॉर्कने नकार दिला आणि विजेतेपद डब्लिनला गेलं. हे कुठल्या सूत्रात बसवणार? आता माझ्या तक्त्यात ‘निकाल कसा लागला’ असा एक वेगळा रकाना आहे आणि त्यात आकडे नाहीत, वाक्यं आहेत.

१८९२ च्या आधीचं तर विचारूच नका. तेव्हा एक गोल कितीही पॉइंटांना भारी. पॉइंट बघायचे ते गोल समसमान झाले तरच. हे डोक्यात ठेवून १८९० चा हर्लिंगचा अंतिम सामना पाहा. वेक्सफर्ड २-२, कॉर्क १-६. आज मोजाल तर कॉर्क नऊ-आठ असं जिंकलं. त्या दिवशीच्या नियमाने मात्र वेक्सफर्ड पुढे होतं. फार दांडगाई चाललीय म्हणून कॉर्कच्या कर्णधाराने संघ मैदानाबाहेर काढला आणि तरीही, म्हणजे मागे असताना, मैदान सोडून गेल्यावर, परिषदेने विजय दिला तो कॉर्कला. तक्त्यात नुसतं ‘कॉर्क’ लिहिलं की पुढचा वाचणारा म्हणणार, हं, नऊ-आठ, काट्याची लढत. छे! हा सामना डब्लिनच्या क्लॉन्टर्क पार्कवर झाला. आम्ही ड्रमकॉन्ड्रात राहतो, माझ्या रोजच्या वाटेवरच ती जागा. मैदान केव्हाच गेलं, रस्त्याच्या नावात तेवढं उरलंय. आता तिथून जाताना मान आपोआप वळते.

ही झाली आकड्यांची दुरुस्ती. वही बदलायला लागली ती दुसऱ्याच कारणाने.

आमच्या शेजारी एक टिपरेरीकडचे आजोबा आहेत. माझा लेक इथल्या क्लबात लहान मुलांच्या गटात हर्लिंग खेळतो, त्याची हर्ली फुटली की लोखंडी पट्टी ठोकून देणारे हेच. (ॲशच्या लाकडाची ही वाकडी काठी. आयरिशमध्ये तिला ‘कमॉन’ म्हणतात, ‘कॅम’ म्हणजे वाकडं यावरून. आपल्या कमानीशी नातं लावायचा मोह मलाही झाला होता. योगायोग आहे, सोडून द्या.) तर आजोबांना मी कौतुकाने तक्ता दाखवला. १८९५, १८९६, १८९८: टिपरेरी, टिपरेरी, टिपरेरी. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, टिपरेरी नव्हे, टबरडोरा.

आणि ते खरं आहे. सुरुवातीला ऑल-आयर्लंड ही काउंटीच्या निवडक संघांची स्पर्धा नव्हतीच. काउंटीत जो क्लब पहिला यायचा तोच काउंटीच्या नावाने पुढे खेळायचा. १८९२ पासून त्या क्लबाला इतर क्लबांतले खेळाडू घ्यायची मुभा मिळाली, तरी संघ क्लबाचाच, कर्णधार क्लबाचाच. आज ज्याला आपण काउंटीचा संघ म्हणतो तो हळूहळू, पुढच्या दोन-तीन दशकांत घडला. टबरडोरा म्हणजे बोहरलाहनजवळची एवढीशी वस्ती. मायकी माहर त्यांचा कर्णधार. तीन ऑल-आयर्लंड जिंकून संघ थांबला. माहर मात्र पुढे १८९९ आणि १९०० च्या विजयातही होता, पण तेव्हा पुढारपण मॉयकार्की आणि टू-माइल-बॉरिस या क्लबांकडे होतं. माझ्या जुन्या तक्त्यात या पाचही ओळी एकसारख्या होत्या. नव्या वहीत तीन वेगळी गावं आहेत. १८९६ चा अंतिम सामना टबरडोराने ८-१४ विरुद्ध ०-४ असा मारलाय. इथे सूत्र चालतं बरं का, अडतीस विरुद्ध चार.

तर आता रकाना ‘क्लब’ आधी, ‘काउंटी’ नंतर. आणि काय सांगू, तक्ता बोलायला लागला.

१८८७, हर्लिंग. थर्ल्स विरुद्ध गॉलवेचं मीलिक. थर्ल्स म्हणजे तेच गाव, जिथे हेझ यांच्या हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ रोजी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे आपलं जीएए, स्थापन झालं. मायकेल क्यूसॅक पुढाकार घेणारा, मॉरिस डेव्हिन पहिला अध्यक्ष. (क्यूसॅक स्वतः क्रिकेट खेळलेला माणूस. टिपरेरी आणि किल्केनी हे हर्लिंगचे बालेकिल्ले त्या आधी क्रिकेटचे होते, हे मला कळलं तेव्हा एका मराठी बाईला झाला असेल तेवढा आनंद झाला.) पहिल्या हर्लिंग स्पर्धेत प्रत्यक्ष उतरल्या फक्त पाच काउंट्या. अंतिम सामना बर या गावी, १ एप्रिल १८८८, ईस्टरचा रविवार. एका बाजूला एकवीस खेळाडू. रेल्वेभाड्यावरून वाद होऊन थर्ल्सचे काही मोहरे घरीच बसले, आले ते जिम स्टेपलटनच्या नेतृत्वाखाली खेळले आणि १-१ विरुद्ध ०-० जिंकले. भाड्यावरून रुसवा! पहिल्याच वर्षी, पहिल्याच अंतिम सामन्याला. जिथे खेळाडूला पैसे मिळत नाहीत तिथे भाडं हा केवढा मोठा विषय असतो ते गावोगाव संघ घेऊन फिरलेल्या कुणालाही विचारा.

फुटबॉलचा त्याच वर्षीचा विजेता लिमरिकचा कमर्शियल्स. त्यांनी लाउथच्या डन्डॉक यंग आयर्लंड्सला १-४ विरुद्ध ०-३ हरवलं. १८८८ ची ओळ दोन्ही खेळांत रिकामी, कारण खेळाडूंची मोठी तुकडी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि स्पर्धा अर्धवट राहिली. १८९१ हर्लिंग: केरीचा बॅलीडफ. फुटबॉलमध्ये केरीची ३९ विजेतेपदं आहेत, कुणी जवळपास नाही. हर्लिंगमध्ये मात्र हे एकच, आणि ते सगळं बॅलीडफ या एका गावाच्या खात्यावर. हेही क्लॉन्टर्क पार्कवरच जिंकलेलं.

क्लबांची नावं सलग लिहिताना आणखी एक लक्षात आलं. किकहॅम्स, एमेट्स, डेव्हिट्स, सार्सफील्ड्स, यंग आयर्लंड्स. ज्यांच्यावरून ही नावं पडली त्यांत कुणी क्रांतिकारक, कुणी जमिनीच्या लढ्याचा पुढारी, कुणी जुना सेनापती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश खेड्यातला पोरगा कुणाला मानत होता याची ही यादीच. यावर सविस्तर पुढे कधीतरी, नाहीतर तक्ता राहील बाजूला.

तिसरी दुरुस्ती सालांची, आणि हिच्यापुढे मी हात टेकले. ‘स्पर्धेचं साल’ आणि ‘खेळल्याचं साल’ असे दोन रकाने केल्याशिवाय गत्यंतर नाही. १८८७ चा सामना १८८८ मध्ये, ते ठीक. १९०१ चं हर्लिंग विजेतेपद ठरलं ऑगस्ट १९०३ मध्ये. आणि तिथला विजेता पाहा: लंडन! परदेशी पोटापाण्याला गेलेल्या पोरांनी कॉर्कला १-५ विरुद्ध ०-४ हरवलं. लंडनचं हे एकमेव. आज हर्लिंगचा चषक लियम मॅकार्थीच्या नावाने आणि फुटबॉलचा सॅम मॅग्वायरच्या नावाने आहे, ते दोघेही लंडनच्या गेलिक वर्तुळातले. दोन्ही खेळांच्या सर्वोच्च चषकांवर घर सोडून राहिलेल्यांची किंवा त्यांच्या लेकरांची नावं आहेत, याचं मला फार वाटतं. का, ते सांगायला नको.

मॅकार्थी चषक पहिल्यांदा दिला गेला १९२१ च्या विजेत्या लिमरिकला, पण हातात पडला मार्च १९२३ मध्ये. मधे यादवी युद्ध होतं. आणि १९२० ची फुटबॉलची ओळ. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर डब्लिन आणि टिपरेरी यांचा एक साधा मैत्रीचा सामना होता. ब्रिटिश दलांनी मैदानावर गोळीबार केला, चौदा माणसं गेली, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन. त्या साली अर्धवट राहिलेल्या स्पर्धेचा अंतिम सामना जून १९२२ मध्ये झाला आणि पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. टिपरेरी १-६, डब्लिन १-२. त्यानंतर आजतागायत टिपरेरीने फुटबॉलचं ऑल-आयर्लंड जिंकलेलं नाही. २०२० मध्ये, शंभर वर्षांनी, प्रांतिक विजेते निघाले डब्लिन, मेयो, कॅव्हन आणि टिपरेरी, म्हणजे १९२० चेच चौघे. टिपरेरीने मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना जिंकला तो २२ नोव्हेंबरला, होगनच्या काळचा पांढरा-हिरवा सदरा घालून. ती ओळ लिहिताना मी तक्ता बंद केला आणि जरा फिरून आले. क्रोक पार्क घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. त्याच्याच नावाचा होगन स्टँड बाहेरूनही दिसतो.

आता क्लबांचं पुढे काय झालं? काउंटीचे संघ मोठे झाले आणि क्लब आपापल्या काउंटीपुरते राहिले, ते थेट १९७०-७१ पर्यंत. तेव्हा क्लबांसाठी वेगळी ऑल-आयर्लंड स्पर्धा सुरू झाली. माझा दुसरा तक्ता तिथून सुरू होतो आणि तो निम्मा झालाय. हर्लिंगमध्ये किल्केनीचा बॅलीहेल शॅमरॉक्स नऊ विजेतेपदांसह सगळ्यांच्या वर, फुटबॉलमध्ये कॉर्कचा निमो रेंजर्स सात, मागोमाग उत्तर आयर्लंडमधल्या आर्माचा क्रॉसमग्लेन रेंजर्स सहा. क्रॉसमग्लेनच्या मैदानाला लागून ब्रिटिश लष्कराची छावणी होती आणि मैदानाचा काही भाग लष्कराने वापरायला घेतलेला होता. तसल्या परिस्थितीत सराव करून ते १९९७, १९९९ आणि २००० असे जिंकले.

फुटबॉलचा पहिला क्लब विजेता कोण, तर ईस्ट केरी. आता हसा. ईस्ट केरी हा क्लबच नाही! अनेक क्लबांचा मिळून केलेला विभागाचा संघ तो. म्हणजे पूर्वी काउंटीच्या नावाखाली क्लब खेळायचा आणि क्लबांच्या पहिल्याच स्पर्धेत क्लबाच्या नावाखाली अर्धी काउंटी खेळून गेली. त्या ओळीपुढे मी लाल शाईने फुली मारून ठेवलीय. तुमच्यापैकी कुणी असा तक्ता ठेवत असेल तर तुम्ही ही ओळ ‘क्लब’ रकान्यात घालता की टीप देता, ते कळवा. माझा जीव दोन्हीकडे ओढतोय.

हर्लिंगच्या बाजूला तसला घोळ नाही. डिसेंबर १९७१ मध्ये टिपरेरीच्या रॉस्क्रेने ऑफलीच्या सेंट रायनाज संघाला ४-५ विरुद्ध २-५ हरवलं. गावाचा रकाना भरताना हात थबकला: बर. तेच बर, जिथे थर्ल्स आणि मीलिक १८८८ मध्ये भिडले होते.

उरलेलं काम: १९०२ ते १९१२ च्या ओळींत क्लबांची नावं भरायची (१९१३ पासून एका बाजूला पंधराच खेळाडू, तिथे नवं पान). कमोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची, वही १९०४ पासून वेगळी काढलीय, पण तिच्यात अजून चारच पानं भरलीत. आणि उन्हाळ्यात लेकाला घेऊन बरला जायचं ठरलंय. आजोबा म्हणतात, टबरडोरा वाटेवरच आहे. नकाशात पाहिलं, अजिबात वाटेवर नाही. पण जाऊ.