बँडसॉसाठी खर्चाची रेघ

हौसेला मोल नसते, ही म्हण ज्याने रूढ केली त्याला बहुधा यंत्र विकत घ्यायचे नसावे. घराच्या एका कोपऱ्यात सुतारकाम करणाऱ्या माणसाने बँडसॉ घ्यायचे मनाशी ठरवले, की त्याला मोलाखेरीज दुसरे काही सुचेनासे होते. रंधा, पटाशी, हातकरवत यांच्या बाबतीत असा पेच पडत नाही. बरे आणि उत्तम यांतले अंतर तिथे खिशाला झेपण्याजोगे असते. बँडसॉची गोष्ट वेगळी आहे. एका माणसाने उचलून टेबलावर ठेवावा अशा लहान यंत्रापासून चार माणसांनाही जागचे न हलणाऱ्या धुडापर्यंत सगळ्यांना नाव एकच, आणि आकृतीही तीच: वर एक चाक, खाली एक चाक, दोन्हींवरून फिरणारे पोलादी पट्टीचे अखंड पाते आणि मध्ये लाकूड ठेवायला टेबल. पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या किमतीत मात्र दहापटीहून अधिक फरक पडतो. एवढे पैसे नेमके कुठे जातात, हे कळल्याशिवाय आपण कोणत्या पायरीवर थांबायचे हे ठरवता येत नाही.

याचे उत्तर या करवतीच्या जन्मकथेतच सापडते. लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी १८०९ मध्ये अशा करवतीचे पेटंट घेतले होते. कल्पना पूर्ण होती, चाके होती, टेबल होते. नव्हते ते टिकणारे पाते. पट्टीची दोन टोके जोडून वर्तुळ करायचे, तर तो सांधा चाकावरून सतत वाकताना आणि सरळ होताना तुटत असे. फ्रान्समधील ॲन पोलीन क्रेपँ या स्त्रीने पट्टीची टोके जोडण्याची टिकाऊ पद्धत शोधून १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिचे हक्क विकत घेतले. चांगले पोलाद आणि चांगला सांधा एकत्र आले, तेव्हा कुठे हे यंत्र कारखान्यांत शिरले. म्हणजे जवळजवळ चार दशके हे यंत्र केवळ पात्यासाठी अडून राहिले होते, आणि मला वाटते, घरगुती यंत्राच्या बाबतीत आजही प्रश्न तोच आहे: पाते किती ताणून धरता येते आणि ते ताणणारा सांगाडा त्या ताणाखाली किती स्थिर राहतो.

जाहिरातीत मात्र आधी दिसतो तो चाकाचा व्यास. १४ इंची बँडसॉ म्हणजे १४ इंच व्यासाच्या चाकांचा. पाते आणि मागचा खांब यांच्यामध्ये जेमतेम तेवढीच जागा मिळते, त्यामुळे किती रुंद लाकूड फिरवता येईल हे त्यावरून समजते. चाकाच्या आकाराचा याहून महत्त्वाचा परिणाम सहसा सांगितला जात नाही. १४ इंची यंत्राचे पाते अनेकदा साडेत्र्याण्णव इंच लांबीचे असते, आणि लाकडासाठी पात्याचा वेग मिनिटाला साधारण ३००० फूट ठेवतात. गुणाकार-भागाकार केला तर पाते मिनिटाला ३८५ फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकते. चाक जितके लहान तितकी वाकण्याची कमान तीव्र, आणि धातू तितक्या लवकर थकतो. जागा वाचवण्यासाठी तीन लहान चाके बसवलेली यंत्रे असतात, त्यांच्यात पाती वारंवार तुटण्याचे कारण हेच. तेथे वाचवलेले पैसे पात्यांच्या रूपाने हप्त्याहप्त्याने परत द्यावे लागतात.

आता ताणाकडे वळतो, कारण खर्चाचा खरा निर्णय माझ्या मते इथेच होतो. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला प्रति चौरस इंच १५,००० ते २०,००० पौंड ताण द्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. दोन धातूंच्या किंवा कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे दात असलेल्या पात्यांना २५,००० ते ३०,००० पर्यंत जावे लागते. आकडा कागदावर अवाढव्य दिसतो, पण पट्टी पातळ असल्याने त्याला उचलता येण्याजोग्या वजनात बदलून पाहावे. अर्धा इंच रुंद आणि सहा दशांश मिलिमीटर जाड पात्यातून दातांमधल्या खाचा वजा केल्या, तर २०,००० च्या ताणाला पात्याच्या दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे दीडशे किलो भार वरच्या चाकाला खाली ओढत असतो. दोन जाड्याजुड्या माणसांनी त्या चाकाला लोंबकळावे आणि खांबाने केसभरही वाकू नये, अशी आपली अपेक्षा असते. स्वस्त यंत्राचा खांब वाकतो. खांब वाकला, की दोन्ही चाके एका प्रतलात राहत नाहीत. ताण कमी ठेवला, तर पाते लाकडाच्या आत पोट काढते आणि वर सरळ दिसणारा काप खाली जाऊन कमानीसारखा निघतो.

या ठिकाणी विक्रीच्या कागदावरील एका ओळीकडे साशंकतेने पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. ‘जास्तीत जास्त इतक्या रुंदीचे पाते बसते’ अशी ती ओळ असते. पाते चाकावर बसते हे खरे. ते पुरेसे ताणता येते असे मात्र ती ओळ म्हणत नाही. पाऊण इंची पाते बसणाऱ्या कित्येक यंत्रांना अर्धा इंची पातेसुद्धा नीट ताणवत नाही. तसेच उंचीचे. बिडाच्या ओतीव सांगाड्याच्या जुन्या धाटणीच्या १४ इंची यंत्रात साधारण ६ इंच उंचीचे लाकूड मावते आणि मध्ये एक ठोकळा घालून ती उंची १२ इंचांपर्यंत वाढवता येते. ठोकळ्याने उंची वाढते. मोटर, ताणाची स्प्रिंग आणि सांगाड्याचा ताठपणा जिथल्या तिथेच राहतो. जाड पत्र्याच्या पेटीसारखा सांगाडा असलेली यंत्रे याच व्यासात मुळातच १२ इंच उंची देतात, आणि त्यांचा खांब ती उंची गृहीत धरूनच बनवलेला असतो. मी ठोकळ्याच्या मोहात न पडण्याच्या बाजूचा आहे.

मात्र एवढी उंची हवीच कशाला, हा प्रश्न आधी विचारायला हवा. घरातून तो मला याहून नेमक्या शब्दांत विचारला गेला: ‘हे यंत्र नसल्यामुळे आजवर काय अडले?’ प्रश्न अन्यायाचा नव्हता. वळणदार पाय, खेळण्यांचे आकार, खुर्चीच्या पाठीची कमान एवढेच करायचे असेल, तर पाव इंची पाते पुरते. ते सुमारे पाच अष्टमांश इंच त्रिज्येचे वळण घेते, फारसा ताण मागत नाही, आणि ४ इंच उंचीचे लाकूड मावणारे लहान टेबलावरचे यंत्रही ते मुकाट चालवते. अशा कामासाठी मोठ्या सांगाड्याचे पैसे मोजणे म्हणजे केवळ मिरवणे. अडते ते दुसरीकडे. जाड फळी उभी धरून तिच्या पातळ फळ्या काढायच्या असतात, तेव्हा १० इंची गोल पात्याची टेबल सॉ एका बाजूने साधारण ३ इंच खोल जाते आणि तिथेच थांबते. एकाच फळीतून काढलेल्या दोन जुळ्या पाट्या पुस्तकासारख्या उघडून कपाटाच्या दारांना लावल्या, की लाकडाच्या रेषा आरशात पाहिल्यासारख्या समोरासमोर येतात. ती शोभा बाजारातून पातळ फळ्या आणून मिळत नाही. माझे अडले होते ते या जुळ्या पाट्यांपाशी, आणि त्या ७-८ इंच रुंदीच्या असाव्यात एवढीच माझी इच्छा होती. त्या एका वाक्यातून यंत्राची अर्धीअधिक वर्गवारी आपोआप झाली.

‘पैसे वसूल होतील’ हा युक्तिवाद मीही करून पाहिला, आणि तो कागदावर फार सुंदर दिसतो. गोल पाते लाकडाचा साधारण ३ मिलिमीटर भाग भुसा करून टाकते, बँडसॉचे पाते जेमतेम १ मिलिमीटर. ५० मिलिमीटर जाडीच्या फळीतून ६ मिलिमीटरच्या पाट्या काढायच्या, तर पहिल्या रीतीने ५ निघतात आणि दुसऱ्या रीतीने ७. दोन पाट्या फुकट! पण बँडसॉचा काप खरबरीत असतो. रंधा मारून तो साफ करण्यासाठी प्रत्येक पाटीला १ मिलिमीटर जास्त ठेवला, की ७ च्या ६ होतात. म्हणजे दर फळीमागे एका पाटीची बचत. भारी लाकडाच्या बाबतीत ती तुच्छ नाही, परंतु सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या माणसाचे यंत्र या बचतीवर फिटेपर्यंत त्याचे केस पिकतील. लाकूड चिरणे हा ज्याचा धंदा आहे त्याने असा हिशेब जरूर करावा. आपण मात्र हा खर्च हौसेच्या खात्यात उघडपणे लिहावा. तसे केल्याने निदान वसुलीच्या नावाखाली एक पायरी वर चढण्याचा मोह टळतो.

हाच मोह आवरण्यासाठी मी खर्चाचे दोन भाग पाडले. काही गोष्टी यंत्राबरोबरच येतात आणि नंतर कितीही पैसे टाकले तरी बदलत नाहीत: सांगाड्याचा ताठपणा, चाकांचा व्यास आणि तोल, टेबलाखालचा आधार, आणि बऱ्याच अंशी मोटर. ८ इंच उंच कठीण लाकूड चिरताना एक अश्वशक्तीची मोटर चालते, पण हळूहळू आणि कुरकुरत. दीड ते दोन अश्वशक्ती असेल तर लाकूड रेटावे लागत नाही, आणि न रेटणे हीच सरळ कापाची निम्मी कला आहे. बाकीच्या गोष्टी पुढे केव्हाही घेता येतात. पात्याला डगमगू न देण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना बेअरिंगचे मार्गदर्शक आहेत की साधे ठोकळे, यावर विक्रेते पुष्कळ बोलतात. मला त्यात फारसा जीव दिसत नाही, कारण धारदार आणि नीट ताणलेले पाते दोन्हींमध्ये सरळ चालते आणि बोथट पाते दोन्हींमध्ये भरकटते. फेन्सचे, म्हणजे लाकूड सरळ सरकवायच्या आधारपट्टीचेही तेच. ताठ, सरळ लाकडाची पट्टी क्लॅम्पने टेबलाला आवळली, तरी काम भागते. दिवा, यंत्राखालची चाके, वेग दाखवणारा आकडा हे सगळे सणासारखे आहे, वर्षातून एकेक करावे.

पात्यांचे पैसे मात्र पहिल्या दिवशीच बाजूला ठेवावे लागतात, आणि अंदाजपत्रकात ते नेमके विसरले जातात. यंत्राबरोबर येणारे पाते बहुधा बेताचेच असते. त्यावरून यंत्राची परीक्षा करणे यंत्रावर अन्याय आहे. उंच लाकूड चिरायला अर्धा इंची, इंचाला ३ दातांचे पाते लागते, कारण दातांमधल्या खोल खाचा भुसा वाहून नेतात. बारीक दातांचे पाते त्या उंचीत भुशाने गुदमरते, तापते आणि वाकडे जाते. वळणासाठी अरुंद आणि बारीक दातांचे पाते वेगळे. कार्बाइड दातांच्या एका पात्याची किंमत साध्या पात्याच्या कित्येक पट असते, आणि ज्या यंत्राला ते ताणता येत नाही त्यावर ते चढवणे म्हणजे पैसे भुशात घालणे होय.

जुने यंत्र घ्यावे का? माझा कल होकाराकडे आहे, कारण सांगाड्याचा ताठपणा वयाने कमी होत नाही आणि चाकांवरचे रबर, बेअरिंग, पट्टा हे सहज बदलता येतात. मात्र विकणाऱ्याला पाते पूर्ण ताणायला सांगावे आणि त्या अवस्थेत दोन्ही चाकांच्या कडांना एक लांब सरळ पट्टी लावून पाहावी. टेबलाखालच्या आधाराला तडा नाही ना, हे बोटाने चाचपावे. कारखान्यातून निघालेल्या यंत्राला अनेकदा तीन फेजची मोटर असते. घरात एक फेज असेल, तर मोटर बदलण्याचा किंवा रूपांतरकाचा खर्च सौद्यात धरूनच बोली लावावी.

भुशाचा खर्चही याच अंदाजपत्रकात येतो, कितीही टाळला तरी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि बँडसॉचा भुसा बारीक असतो. म्हणून धूळ ओढणारे यंत्र आणि चांगला मुखपट्टा यांची रक्कम मी दिव्याच्या आणि चाकांच्या रांगेत न ठेवता पात्यांच्या शेजारी लिहिली.

हे सगळे मांडल्यावर रेघ कुठे आखायची ते बरेचसे ठरले. चाक १४ इंची, सांगाडा पेटीसारखा पोलादी, उंची १० ते १२ इंच, मोटर दीड अश्वशक्तीहून कमी नाही. नवे मिळाले तर ठीक, जुने मिळाले तर अधिक चांगले. याहून वरच्या १८ इंची यंत्राकडे मी अनेकदा पाहिले आहे. ते १४ इंचीच्या शेजारी उभे केले, तर १४ इंची पोरसवदा दिसते, आणि ओंडके चिरणाऱ्याने तेच घ्यावे. माझ्याकडे ओंडके येत नाहीत, फळ्या येतात. ठरवलेल्या एकूण रकमेचा साधारण पाचवा हिस्सा यंत्राला हात न लावू देता पाती आणि भुशाची व्यवस्था यांसाठी राखला आहे. उरलेल्या चार हिश्शांत वर लिहिलेले यंत्र बसत नसेल, तर मोटर किंवा सांगाडा कमी करून ते बसवायचे नाही. तोवर जुळ्या पाट्यांचे चिरकाम वखारीतून करून आणायचे आणि रक्कम साठू द्यायची.