दवाखान्यातील बाग कोणासाठी असते?

बेळगावातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या आवारात दुपारी फेरफटका मारला, तर बाग एकीकडे आणि माणसे दुसरीकडे असे चित्र दिसते. बाग फाटकासमोर असते. भोवती कातरलेले मेंदीचे कुंपण, मध्ये हिरवळ आणि हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी. माणसे मात्र मागच्या बाजूला, दुचाकी लावायच्या जागेजवळ, एखाद्या जुन्या आंब्याखाली सतरंजी टाकून बसलेली असतात. खानापूर, चंदगड, निपाणी अशा भागांतून पेशंटबरोबर आलेले नातेवाईक तिथेच डबा सोडतात, धुतलेले कपडे कुंपणावर वाळत घालतात आणि गावाकडे फोन करून तब्येतीची खबर देतात. बागरचना हाच माझा व्यवसाय असल्याने माझे लक्ष आधी त्या पाटीकडे जाते. आपल्याकडील रुग्णालयांच्या बागा फसतात याचे मुख्य कारण मला असे वाटते की बाग कोण वापरणार हा प्रश्न नकाशा काढण्यापूर्वी कोणी विचारतच नाही.

या विषयावर सादरीकरण करणारे सगळेच जण रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाच्या अभ्यासाचा दाखला देतात. १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ पेशंटांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे पेशंट सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणाऱ्यांना ८.७० दिवस लागले, आणि पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास महत्त्वाचा आहे याबद्दल वाद नाही. पण ४६ ही संख्या लहान आहे, रुग्णालय एकच आहे, आणि मुख्य म्हणजे त्यात बाग कुठेच नाही. कोणी कारंजे बांधले नव्हते, हिरवळ अंथरली नव्हती. खिडकीबाहेर झाडे होती, एवढेच. लाखो रुपयांच्या बागेचे अंदाजपत्रक मंजूर करून घेण्यासाठी हा दाखला पुढे केला जातो, तेव्हा मला थोडी गंमत वाटते, कारण त्यातून निघणारा पहिला निष्कर्ष बिनखर्चाचा आहे: जी झाडे आधीपासून उभी आहेत ती तोडू नका.

आपल्याकडे नेमके उलटे होते. नवीन इमारतीचा पाया आखताना आवारातील आंबा, फणस, जांभूळ आधी जातात आणि उद्घाटनाच्या आठवडाभर आधी कुंड्यांतले पाम ट्रकमधून येतात. खिडक्यांचीही तीच गत. फिनलंडमधील पायमिओ येथे १९३३ साली उघडलेले क्षयरोग रुग्णालय उभारताना आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने खोलीचा विचार खाटेवर आडव्या पडलेल्या माणसाच्या नजरेने केला होता. आपल्या वॉर्डात खिडकीची सिल, म्हणजे चौकटीची खालची कड, छातीइतक्या उंचीवर असते. उभ्या असलेल्या डॉक्टरांना बाहेरचे झाड दिसते आणि पडलेल्या पेशंटला पंखा. सिल खाटेच्या गादीच्या थोडीच वर ठेवली आणि बाहेर आठ-दहा मीटरवर एक बकुळ किंवा करंज उभा असला, तर बाग नसलेल्या रुग्णालयालाही निम्मे काम साधते.

आता बसण्याचा प्रश्न. सीमाभागातील रुग्णालयात नातेवाईक हा भेटीला येणारा पाहुणा नसतो. तो चार-चार दिवस तिथेच राहतो, रात्री व्हरांड्यात झोपतो. त्याला पेशंटपेक्षा कमी विश्रांती मिळते आणि त्याच्यासाठी जागा मात्र कोणी राखत नाही. देणगीतून आलेली ग्रॅनाइटची बाके बहुतेक आवारांत असतात, पाठीमागे ‘यांच्या स्मरणार्थ’ असे सोनेरी अक्षरांत कोरलेले असते. एप्रिलमध्ये त्या दगडाला हात लावता येत नाही, जुलैत तो वाळत नाही, आणि त्याला हात नसल्याने गुडघ्याची किंवा सिझेरियनची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला दोघींनी धरल्याशिवाय उठता येत नाही. बाकाला पाठ हवी, दोन्ही बाजूंना हात हवेत, बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटरवर हवी आणि ती लाकडाची असेल तर उत्तम. देणगीदाराचे नाव लाकडावरही कोरता येते.

याहून चांगला नमुना प्रत्येक गावात आहे, तो म्हणजे झाडाभोवतीचा पार. पारावर माणूस पाय वर घेऊन बसतो, आडवा होतो, शेजाऱ्याशी बोलतो किंवा पाठ फिरवून एकटाही राहतो. मात्र बुंध्यापर्यंत सिमेंट ओतण्याची जी पद्धत पडली आहे तिने झाड हळूहळू गुदमरते. खोडाभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवावी, कडा गोल कराव्यात आणि पारासाठी पिंपळ निवडू नये. पिंपळ निवडला की वर्षभरात तिथे दोरे गुंडाळले जातात, तेलाचा दिवा येतो, आणि सर्व धर्मांच्या लोकांची ती जागा एका वर्गाची होऊन बसते. आंबा, करंज, बकुळ यांच्याबाबत ही अडचण येत नाही.

पावसाचा विचार तर कागदावर सर्वांत आधी यायला हवा. बाहेरच्या पुस्तकांतील वळणावळणाच्या उघड्या पायवाटा बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर वापरताच येत नाहीत, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा वाया जातो. म्हणून इथे बागेचा कणा म्हणजे छप्पर असलेली वाट: मंगलोरी कौलांची, दोन्ही बाजूंनी उघडी, बाजूला झाडे असलेली लांब पडवी. तिची रुंदी दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जातील एवढी, म्हणजे साधारण १.८ मीटर, असावी. चढ १:२० पेक्षा, म्हणजे वीस मीटरला एक मीटरपेक्षा, अधिक नसावा. १:१२ हा रॅम्पसाठी चालतो, पण खुर्ची ढकलणारी साठीतली बायको त्यावर दमते. गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरते. इंटरलॉकिंग पेव्हरच्या सांध्यांत सलाइनच्या स्टँडची चाके अडकतात, आणि तो खडखडाट टाके पडलेल्या पोटाला थेट जाणवतो. झाडूचे ओरखडे काढलेले साधे काँक्रीट या दोहोंपेक्षा बरे, दिसायला फारसे देखणे नसले तरी. अथणीकडे खानापूरच्या निम्माही पाऊस पडत नाही. तिथे हाच आराखडा उचलून नेणे चुकीचे ठरेल. तिकडे पडवीपेक्षा सावली महत्त्वाची, आणि हिरवळ तर मुळीच नको.

झाडांबद्दल सर्वाधिक सल्ले मिळतात, म्हणून त्यावर थोडक्यात. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि धोतरा आवारात नकोतच. कण्हेरीचे विष थेट हृदयावर काम करते आणि रुग्णालयात लहान मुले असतात. सातवीण रस्त्याकडेला लावायची टूम निघाली आहे, पण तिच्या फुलोऱ्याच्या उग्र वासाबद्दल दम्याचे पेशंट तक्रार करतात. रातराणीचा दर्प केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला मळमळ आणतो. गुलमोहर आणि सिल्व्हर ओक वळवाच्या वाऱ्यात मोडतात. गाजरगवत मात्र फुलण्याआधी उपटलेच पाहिजे. उरलेल्यांत निवडीला भरपूर वाव आहे: पारिजातक, अनंत, तगर, कढीपत्ता, गवती चहा. ओळखीचे झाड माणसाला जितके धीर देते तितके परदेशी शोभेचे झाड देत नाही, असे माझे मत आहे.

एका छोट्या पुनर्वसन केंद्रामागे पाऊण मीटर उंचीचे विटांचे वाफे केलेले आहेत. पक्षाघातातून सावरणारे एक वयस्कर शेतकरी रबरी चेंडू दाबण्याच्या व्यायामाला कंटाळलेले होते; मेथीच्या वाफ्याजवळ खुर्ची लावल्यावर त्यांचा दुबळा हात आपसूक तणाकडे गेला. चिमटीत धरायचे, ओढायचे, मुळाची माती झटकायची. हाच तर बोटांचा व्यायाम. फिजिओथेरपिस्टने त्यांना थांबवले ते संध्याकाळच्या चहासाठी. ज्या भागात निम्मे पेशंट शेतातून येतात, तिथे असे चार वाफे कारंज्यापेक्षा किती तरी स्वस्त पडतात.

कारंज्याला माझा विरोध दुसऱ्याही कारणाने आहे. पंप बंद पडला की ते डबके होते, आणि साठलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डासांची पैदास पूर्ण होते. पंप चालू असला तरी नीट न राखलेल्या तुषारांतून लिजिओनेलासारखे न्यूमोनिया करणारे जंतू हवेत पसरू शकतात. त्याच न्यायाने, प्रतिकारशक्ती खालावलेल्या पेशंटांच्या वॉर्डात कुंडी ठेवू नये, कारण माती आणि कंपोस्टमधील अॅस्परजिलस ही बुरशी त्यांच्या फुप्फुसांना घातक ठरते. त्यांच्यासाठी बाग काचेपलीकडेच बरी. परिचारिकांसाठीही एक कोपरा वेगळा, नातेवाइकांच्या नजरेआड असावा. रात्रपाळीनंतर दहा मिनिटे कोणाच्याही प्रश्नाविना बसता येणे ही त्यांची गरज आहे.

राहिला देखभालीचा खर्च. निविदेत झाडे लावण्याचे पैसे असतात, जगवण्याचे नसतात. ठेकेदार बिल घेऊन गेला की उन्हाळ्यात, राकसकोप जलाशयाचे पाणी बेळगाव शहरालाच पुरत नसताना, हिरवळ आधी पिवळी पडते. रुग्णालयाचे सांडपाणी प्रक्रिया करून ठिबकने द्यावे, तुषार सिंचनाने नव्हे, आणि किमान तीन वर्षांची देखभाल मूळ करारातच असावी. शक्य असल्यास माळी ठेकेदाराचा नसून रुग्णालयाच्या पगारपटावरचा असावा, कारण कोणत्या वॉर्डाच्या खिडकीसमोरची फांदी छाटायची नाही हे त्यालाच ठाऊक असते.